परत कधी यायचं, ते कोणी सांगत नाही

विद्यार्थी रात्री जागून स्वतःची लक्षणं इंटरनेटवर शोधतात आणि घाबरून जातात, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यावर सगळ्यांकडे एकच सल्ला तयार असतो : गूगल करू नकोस. पालक तो देतात, मित्र देतात, डॉक्टर तर देतातच. माझ्या मते हा सल्ला निरुपयोगी आहे, आणि त्यात एक लबाडीही आहे. घाबरलेला मुलगा किंवा मुलगी शोधते, कारण मनात एक प्रश्न उभा राहिलेला असतो आणि त्याचं जबाबदारीने उत्तर देणारं माणूस त्या वेळी हाताशी नसतं. ते माणूस मिळण्याची सोय करायची नाही आणि फोन खाली ठेव म्हणायचं, यात कष्ट काहीच नाहीत. फोनही खाली जात नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. परीक्षेच्या दिवसांत खालची पापणी फडफडायला लागते. झोप अपुरी, कॉफी भरपूर, डोळे दिवसभर स्क्रीनला चिकटलेले. अशी फडफड अगदी सर्रास होते, तिच्यापासून काही अपाय नसतो आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ती आपली आपण थांबते. पहिल्या शोधात हेच उत्तर येतं. पण त्याच पानावर जरा खाली, ‘क्वचित’ असं म्हणून मज्जासंस्थेच्या दोनचार आजारांची नावं दिलेली असतात. वाचणाऱ्याची नजर ‘क्वचित’वर थांबत नाही, नावांवर थांबते. मग दुसरा शोध : ‘स्नायू फडफडणे गंभीर कारणे’. इथे एएलएस हे नाव पुढे येतं. हालचाली चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी करणारा आणि आजवर बरा न करता आलेला आजार. आणि मग तिसरा शोध : ‘एएलएस सुरुवातीची लक्षणे वय २०’.

हा तिसरा शोध नीट पाहण्यासारखा आहे. शोधणाऱ्याला वाटतं, वय घातलं की आपल्याला लागू पडेल असं नेमकं उत्तर मिळेल. घडतं उलटंच. हा आजार वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो आणि तोही बहुतेकांना पन्नाशी उलटल्यावर. विशीतला रुग्ण म्हणजे अपवादातला अपवाद. पण ‘वय २०’ लिहिलं की शोधयंत्र तोच अपवाद वेचून आणतं, कारण लिहिलं गेलंय ते त्याच्याचबद्दल. विशीतल्या ज्या असंख्य मुलामुलींची पापणी फडफडली आणि थांबली, त्यांनी त्यावर एक ओळही लिहिलेली नाही. लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. म्हणजे शोध जितका नेमका करत जावा तितकी भीती दाट होते, आणि प्रत्यक्ष धोका होता तिथेच, जवळजवळ शून्यावर बसलेला असतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९३ साली अशा १२१ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला होता. स्नायू फडफडतात, बाकी तपासणीत सगळं ठीक, अशी ही माणसं. दोन वर्षांपासून ते बत्तीस वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. एकालाही हा आजार झाला नाही. ही माहितीही इंटरनेटवरच आहे. पण ती पहिल्या तीन शोधांत समोर येत नाही. आणि आली तरी रात्री दोन वाजता १२१ लोकांच्या आकडेवारीपेक्षा एका तरुण रुग्णाने सांगितलेली आपबीती जास्त खरी वाटते. यात वाचणाऱ्याचा मूर्खपणा नाही. माणसाचं मन गोष्टीवर चालतं, टक्केवारीवर नाही.

या चढत जाणाऱ्या शोधाचा पहिला मोठा अभ्यास २००८ साली मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्व्हिट्झ या संशोधकांनी केला. त्यांनी शोधांच्या प्रचंड नोंदी तपासल्या, जोडीला ५१५ जणांना प्रश्नावली दिली. उदाहरणादाखल त्यांनी निवडलेली लक्षणं होती डोकेदुखी, छातीत दुखणं आणि स्नायूंची फडफड. तिन्ही अशी, की बहुतेक वेळा त्यांच्या मागे काहीच नसतं आणि एखाद्या वेळी फार मोठं काही असतं. डोकेदुखी शोधणाऱ्याच्या समोर मेंदूतली गाठ आणि कॉफी अचानक बंद केल्याने होणारा त्रास ही दोन्ही कारणं जवळपास सारख्याच ठळकपणे येत होती. प्रत्यक्षात या दोन शक्यतांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. शोधयंत्राने खोटं काहीच सांगितलेलं नव्हतं. फक्त कोणती शक्यता किती मोठी, हे सांगितलं नव्हतं. या सगळ्या प्रकाराला सायबरकॉन्ड्रिया म्हणतात आणि हा शब्द आता संशोधनात रुळला आहे.

इथपर्यंतची गोष्ट माहितीची झाली. पुढची शरीराची आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ‘हे सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणणारे इथेच चुकतात. भीतीने खरी लक्षणं तयार होतात. मानेत लहानशी गाठ लागली की बोट दिवसातून वीस वेळा तिच्यावर जातं. वीस वेळा दाबलेली गाठ दुखायला लागते आणि आता ‘दुखरी गाठ’ असा नवा शोध घेता येतो. घाबरल्यावर श्वास भरभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मुंग्या शोधल्या की मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या आजारांची नवी यादी समोर हजर. मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ असेल तर विचारूच नका. ठोके वाढलेले दिसले म्हणून भीती वाढते, भीती वाढली म्हणून ठोके. अशा मुलाला ‘तुला काही होत नाहीये’ असं म्हटलं तर तो मनातल्या मनात बरोबरच म्हणतो, की होतंय, तुम्हाला कळत नाहीये.

मग तो पुन्हा शोधतो. आता शोधतो ते आजार सापडावा म्हणून नाही, तर आजार नाही असं कुठेतरी लिहिलेलं मिळावं म्हणून. मिळतंही. दहा मिनिटं बरं वाटतं. मग शंका येते, त्या पानावरच्या माणसाची फडफड डाव्या डोळ्याची होती, माझी उजव्या. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या दोन संशोधकांनी १९८६ मध्येच, म्हणजे घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी, हे दाखवून दिलं होतं की आजारपणाच्या भीतीत वारंवार दिलासा मिळवणं हाच भीतीचा खुराक ठरतो. तेव्हा हा दिलासा डॉक्टरांकडून, घरच्यांकडून, फार तर वैद्यकाच्या जाडजूड पुस्तकातून घ्यावा लागे. घरचे कंटाळत, दवाखाना बंद होई. नाइलाजाने का होईना, मध्ये खंड पडायचा. आता दिलासा मागायला कोणाला उठवावं लागत नाही. जखम भरत आली का हे बघायला सारखी खपली काढावी, तसं हे चालू राहतं. सायबरकॉन्ड्रिया मोजण्यासाठी मॅकएलरॉय आणि शेव्हलिन यांनी २०१४ मध्ये जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात शोधाचा अतिरेक, न थांबवता येणं आणि मनस्ताप यांच्या जोडीला दिलासा शोधणं आणि डॉक्टरांवरचा अविश्वास यांचीही मोजणी आहे. हा शेवटचा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

विद्यार्थीच यात जास्त का सापडतात? जुनं उत्तर वैद्यकीय महाविद्यालयांतून येतं. जो आजार शिकवला जातोय तो आपल्यालाच झालाय असं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वाटतं, हे निरीक्षण जुनं आहे आणि १९६०च्या दशकात त्यावर अभ्यासही झाले. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र दिसलं की या मुलांची भीती इतर विद्यार्थ्यांपेक्षा काही जास्त नसते. मला वाटतं, हे दोन्ही खरं असू शकतं. वैद्यकाचा विद्यार्थी घाबरतो, पण वर्षभरात तो वॉर्डात उभा राहतो. डोकं दुखतं म्हणून आलेली शेकडो माणसं डोळ्यांसमोरून जातात आणि त्यांतली जवळजवळ सगळी साध्या गोळीवर घरी गेलेली तो पाहतो. शक्यता किती मोठी आणि किती छोटी हे त्याला पुस्तकाने शिकवलेलं नसतं, ओपीडीने शिकवलेलं असतं. इतिहास, वाणिज्य किंवा इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलीला पुस्तकातलं पान तेवढंच मिळतं. ओपीडी कधीच मिळत नाही.

दुसरं कारण जरा विचित्र आहे. विद्यार्थ्याला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवलेली असते : भीती वाटतेय ना, मग आणखी वाच. परीक्षेची भीती वाचण्याने खरोखरच कमी होते. अभ्यास पूर्ण झाला की छातीवरचं ओझं उतरतं. हीच सवय तो आजाराच्या भीतीवर लावतो आणि ती उलटते, कारण इथे अभ्यासक्रमाला शेवट नाही. प्रत्येक पान पाच नवी पानं उघडतं. हुशार, कष्टाळू, सगळं तपासून घेणारी मुलं यात जास्त खोल जातात, असा माझा अंदाज आहे. आळशी मुलगा पहिल्याच पानावर ‘झोप घ्या’ वाचतो आणि झोपतो.

बाकीची कारणं थोडक्यात. घरापासून दूर राहणं, लहानपणापासून ओळखणारा डॉक्टर मागे सुटलेला असणं, खर्चाची धास्ती. आजवर मोठं आजारपण न पाहिलेलं शरीर, त्यामुळे साधा तापही अनोळखी. आणि लाज. पोटाखालच्या कुठल्याही अवयवाबद्दल, मासिक पाळीबद्दल, लैंगिक संबंधांबद्दल विचारायचं असेल तर माणसापेक्षा यंत्र बरं वाटतं. यंत्र भुवया उंचावत नाही.

याच लाजेमुळे ‘शोधूच नका’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. तरुण मुलाच्या वृषणात अचानक तीव्र कळ येते. वृषणाला पीळ पडलेला असेल तर रक्तपुरवठा थांबतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची शक्यता चांगली असते. हा मुलगा कोणाला काही सांगणार नाही, सकाळपर्यंत बघू म्हणेल. त्याने फोनवर शोधलं आणि पहिल्याच ओळीत ‘आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जा’ असं वाचलं, तर त्या शोधाचे उपकारच मानायला हवेत. सतत तहान, सारखी लघवी आणि उतरत जाणारं वजन म्हणजे टाइप वन मधुमेह असू शकतो, हेही कित्येकांना आधी इंटरनेटने सांगितलेलं असतं. दर महिन्याला पाळीत असह्य कळा येणाऱ्या मुलीला ‘सगळ्यांनाच दुखतं’ असं ऐकवलं जातं. या दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, हे तिला कळतं ते बहुधा शोधूनच. अशा मुलीला गूगल करू नकोस म्हणणं म्हणजे तिचं दुखणं पुन्हा एकदा झाकून टाकणं आहे.

शोध हा रक्षणकर्ता आहे असंही मी म्हणत नाही. २०२१ साली अमेरिकेत पाच हजार लोकांवर एक प्रयोग झाला. त्यांना आजाराचं वर्णन दिलं, आधी स्वतःच्या मनाने निदान करायला सांगितलं, मग इंटरनेटवर शोधून पुन्हा. बरोबर निदानाचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेलं. पण डॉक्टरकडे धावायचं, वाट पाहायची की घरीच आराम करायचा, या निर्णयात काही सुधारणा झाली नाही. आणि घाबरलेल्याला हवा असतो तो नेमका हाच निर्णय. आजाराचं नाव दुय्यम असतं.

हा निर्णय शोधयंत्र का देऊ शकत नाही? थोडं तंत्र आहे, पण बरंचसं हिताचं गणित आहे. २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लक्षणांवरून आजार सांगणाऱ्या २३ संकेतस्थळांची आणि ॲपची तपासणी प्रसिद्ध झाली. पहिल्याच क्रमांकाला बरोबर निदान देण्याचं प्रमाण होतं ३४ टक्के. कुठे जायचं याचा सल्ला एकूण ५७ टक्के वेळा योग्य. त्यातही आणीबाणीचे रुग्ण त्यांनी बऱ्यापैकी ओळखले, पण ज्यांना घरी आराम पुरला असता अशांपैकी बहुतेकांना डॉक्टरकडे पिटाळलं. कारण उघड आहे. ‘डॉक्टरांना भेटा’ असं सांगितल्याबद्दल कोणावर खटला होत नाही. ‘काही नाही, झोप’ असं सांगितलं आणि एखाद्याला काही झालं तर होऊ शकतो. यंत्राची काळजी यंत्राच्या मालकापुरती असते, आणि त्या काळजीची किंमत रात्री जागणारा मोजतो.

आता चॅटबॉट आले आहेत आणि ते गोड बोलतात. त्यांचं ज्ञान मोठं आहे, यात वाद नाही. २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १,२९८ जणांवर केलेल्या प्रयोगात चॅटबॉटमागच्या भाषा-मॉडेलांना आजाराचं पूर्ण वर्णन थेट दिलं, तेव्हा त्यांनी सुमारे ९५ टक्के वेळा संबंधित आजार ओळखला. तीच मॉडेलं सामान्य माणसांच्या हाती दिली तेव्हा हे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आलं, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने शोधणाऱ्यांपेक्षा काही चांगलं नाही. माणसं अर्धवट सांगत होती, मिळालेल्या उत्तरातलं नको ते उचलत होती. डॉक्टरचं निम्मं कौशल्य रुग्णाला जे सांगावंसं वाटत नाही ते विचारून काढण्यात असतं. शिवाय चॅटबॉटला ‘पण हे नक्की कॅन्सर नाही ना?’ असं चाळीस वेळा विचारता येतं आणि तो चाळीस वेळा न वैतागता उत्तर देतो. वर सांगितलेल्या खुराकाचा याहून अखंड पुरवठा दुसरा नाही. वैतागणाऱ्या मित्राचाही काही उपयोग होता, हे आता कळतंय.

मग राहतो डॉक्टर, आणि मघाशी सोडलेला डॉक्टरांवरच्या अविश्वासाचा मुद्दा इथे येतो. डॉक्टरांना हे वाचून राग येईल, पण या दुखण्याचा एक मोठा वाटा दवाखान्यातच तयार होतो. विद्यार्थी हिंमत करून आरोग्य केंद्रात जातो. मानेतल्या गाठीने तो दोन आठवडे झोपलेला नाही. संवाद साधारण असा :

“मॅडम, मानेत गाठ लागतेय.”

“बघू. काही नाही, सर्दीची आहे. नेटवर वाचलंस ना? नका रे वाचत बसू. टेन्शन घेऊ नकोस. हं, पुढचा कोण?”

निदान बरोबर आहे. चूक एकही नाही. तरी हा मुलगा जिना उतरता उतरता फोन काढणार, कारण त्याला हवं होतं त्यातलं काहीच मिळालेलं नाही. गाठ का आली, किती दिवस राहील, राहिली तर काय करायचं, आणि मॅडमनी एवढ्या पटकन कशावरून ठरवलं? आता दुसरा संवाद पाहा :

“गाठ मऊ आहे, बोटाखाली हलतेय. मागच्या महिन्यात घसा दुखला होता म्हणालास ना? घशाचा संसर्ग झाला की अशा गाठी येतात, पूर्ण जायला काही आठवडे लागतात. सारखी दाबलीस तर दुखत राहील, म्हणून हात लावायचा नाही. चार आठवड्यांनी मला दाखवायला ये, तारीख लिहून देते. त्याआधी वाढली, टणक लागली, रात्री घामाने भिजायला लागलास किंवा काही कारण नसताना वजन उतरलं, तर तारखेची वाट न बघता यायचं.”

याला मिनिटभर जास्त लागतं. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या प्रशिक्षणात याला ‘सेफ्टी नेटिंग’ म्हणतात. रॉजर नेबर या डॉक्टरांनी ही कल्पना १९८०च्या दशकात मांडली : माझा अंदाज बरोबर असेल तर काय होईल, चुकला असेल तर ते कसं कळेल आणि तेव्हा काय करायचं, हे रुग्णाला उठण्याआधी सांगायचं. यात डॉक्टर शंभर टक्के खात्री देत नाही. देताही येत नाही. तो अनिश्चिततेला तारीख घालून देतो आणि मधल्या काळाची जबाबदारी स्वतःकडे घेतो. इंटरनेटवर सगळं मिळतं, ‘चार आठवड्यांनी मला दाखव’ म्हणणारं कोणी मिळत नाही.

यावर एक आक्षेप योग्य आहे. घाम, वजन, टणकपणा अशी यादी हातात दिली की हा मुलगा तीच तपासत बसेल. काही जण बसतील. म्हणून यादी लहान हवी आणि तारीख पक्की हवी. ‘वाटलं तर या’ हे वाक्य अशा मुलांसाठी सर्वांत वाईट, कारण वाटणं हाच तर त्यांचा आजार आहे. ठरलेली भेट असली की तपासणी तोवर पुढे ढकलता येते. आणि ज्याला चार आठवडे निघतच नाहीत, त्याला गाठीपेक्षा भीतीवर उपचार हवेत, हेही त्यातून लवकर कळतं.

हा उपचारांचा मुद्दा हसण्यावारी नेला जातो. हॉस्टेलच्या खोलीत अशा मुलाचं ‘आज कोणता कॅन्सर?’ असं स्वागत होतं. तोही हसतो. पण ही भीती सहा महिने किंवा जास्त टिकली, तिने झोप, अभ्यास, माणसं गिळली, तर तो निदान करण्याजोगा विकार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निकषांत त्याचे दोन प्रकारही दिले आहेत : सतत तपासण्या करून घेणारे आणि भीतीपोटी डॉक्टरांची पायरीच न चढणारे. विद्यार्थ्यांमध्ये दुसरा प्रकार आपल्याला दिसत नाही, कारण ते आपल्यापर्यंत येतच नाहीत, खोलीत बसून शोधतात. स्वीडनमधल्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारपणाच्या भीतीचा विकार असं निदान झालेल्या ४,१२९ जणांची तुलना इतरांशी केली तेव्हा त्यांचा मृत्युदर ८४ टक्क्यांनी जास्त निघाला, आत्महत्येचा धोका सुमारे चौपट. ही तीव्र विकाराची माणसं होती. पापणी फडफडली म्हणून दोन रात्री जागलेल्या मुलाला हा आकडा लागू करायचं काही कारण नाही. पण ‘काही झालेलं नसताना उगाच घाबरतो’ असं म्हणून ज्याला सोडून दिलं जातं, त्याला काहीतरी झालेलं असतं, एवढं मान्य करायला हा आकडा पुरेसा आहे.

आता महाविद्यालयांबद्दल. आरोग्य केंद्र पाच वाजता बंद होतं आणि भीती अकराला येते. रात्री एखादी अनुभवी नर्स फोनवर उपलब्ध असणं ही चैन समजली जाते. पण रात्री तीन वाजता घाबरून आपत्कालीन विभागात गेलेल्या आणि ईसीजी काढून परत पाठवलेल्या मुलांचा खर्च कोणीतरी करतच असतं. त्या फोनवर फक्त एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी पुष्कळ झालं : आत्ता निघू, उद्या येऊ, की झोपू?

वर्गातही काम आहे. संभाव्यतेचं गणित आजही पिशवीतल्या रंगीत चेंडूंवर शिकवलं जातं. त्याऐवजी समजा, एक आजार दहा हजारांत एकाला होतो. तो झालेल्या प्रत्येकाला अमुक एक लक्षण असतं, आणि तो न झालेल्यांपैकीही दहा टक्क्यांना तेच लक्षण असतं. तुला ते लक्षण आहे. तुला आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण घाबरवणारा आकडा सांगतात. मांडून पाहिलं तर दहा हजारांत लक्षण असलेले सुमारे १,००१, त्यांत आजारी एक. हे एकदा स्वतःच्या हाताने सोडवलेल्या मुलीला रात्री भीती वाटणारच नाही असं नाही. पण पानावरचा ‘क्वचित’ हा शब्द तिला निदान दिसेल.

पैसा आणि तज्ज्ञ नाहीत, हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पीटर टायरर आणि सहकाऱ्यांचा ४४४ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णालयांच्या ओपीडीत येणाऱ्या, आजाराच्या भीतीने पछाडलेल्या माणसांना मोजक्या बैठकांची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याची संवाद-उपचारपद्धती, देण्यात आली. ती देणारे बडे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, या कामाचं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. त्यांत नर्सेस होत्या आणि पुढच्या विश्लेषणात नर्सेसच्या रुग्णांना सर्वांत जास्त फायदा झालेला दिसला. फायदा नुसता त्या आठवड्यांपुरता नव्हता, पुढे काही वर्षं टिकला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हीच पद्धत इंटरनेटवरून दिली, तेव्हा सायबरकॉन्ड्रियाही कमी झाला. म्हणजे ज्या फोनवर मुलगा रात्री आजार शोधतो, त्याच फोनवर उपचारही पोचवता येतात. महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्रात आधीपासून असलेल्या नर्सला हे प्रशिक्षण देणं, तिच्या टेबलावर दर भेटीनंतर भरायची पुढच्या तारखेची वही ठेवणं आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी केंद्र उघडं ठेवणं, यासाठी नवी इमारत लागत नाही. पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत हे होऊ शकतं. न करण्याचं कारण संस्थाचालकांना विचारायला हवं, आणि ते विद्यार्थ्यांनीच विचारलेलं बरं.